ग्रंथालयातील माहिती तंत्रज्ञान आणि मराठी ग्रंथाची संगणकीय नोंद

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे महाविद्यालयीन ग्रंथालयाचे स्वरूप गेल्या तीन दशकांत मोठ्या प्रमाणावर बदलले आहे. कार्ड तालिकेच्या खणांची जागा ऑनलाइन सार्वजनिक तालिकेने, म्हणजेच ओपॅकने, घेतली. देवघेव विभागात बारकोड आला आणि काही ग्रंथालयांत त्याच्या जोडीला आरएफआयडी प्रणालीही आली. या बदलांची चर्चा बहुधा यंत्रसामग्री, आज्ञावली व निधी यांच्या अनुषंगाने होते. परंतु या सर्व साधनांचा पाया असलेली ग्रंथाची नोंद कोणत्या लिपीत, कोणत्या संकेतप्रणालीत व किती काटेकोरपणे केली आहे, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. नोंद सदोष असेल तर ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या लेखी तो नसल्यासारखाच असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्याची तांत्रिक कारणे आणि महाविद्यालयीन पातळीवर शक्य असलेले उपाय यांचा विचार केला आहे.

१. संगणकीय नोंदीची वाटचाल

ग्रंथाची नोंद यंत्राला वाचता यावी यासाठी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्रॅम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ हा आराखडा विकसित झाला. त्याचे ‘मार्क २१’ हे रूप १९९९ मध्ये प्रचलित झाले. या आराखड्यात प्रत्येक माहितीघटकाला क्रमांकित क्षेत्र नेमून दिलेले असते. उदाहरणार्थ, ग्रंथकाराचे नाव १०० या क्षेत्रात आणि शीर्षक २४५ या क्षेत्रात नोंदवले जाते.

भारतात विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडण्यासाठी इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेच्या अंतर्गत सुरू झाला व १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. या केंद्राने ‘सोल’ ही आज्ञावली २००० मध्ये उपलब्ध करून दिली. तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये आली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाने २००० च्या प्रारंभी ‘कोहा’ ही मुक्त स्रोत आज्ञावली वापरात आणली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भेट’ असा आहे. सोलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून या दोन्ही आज्ञावलींत मार्क २१ व युनिकोड यांचा स्वीकार झाला असल्याने मराठी नोंद देवनागरीत करण्यास आज तांत्रिक अडसर राहिलेला नाही. अडचण आहे ती पूर्वी झालेल्या नोंदींची आणि अद्याप न मोडलेल्या सवयींची.

२. लिपीचा प्रश्न : फॉन्ट आणि युनिकोड

संगणक अक्षर साठवत नाही, तर अक्षराला नेमून दिलेला अंक साठवतो. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या अंकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर मराठी शब्द दिसला तरी संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे व चिन्हे यांचीच मालिका असे. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी होती. परिणामी तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच नोंद अर्थहीन चिन्हांसारखी दिसते आणि देवनागरीत दिलेल्या शोधशब्दाशी ती जुळत नाही.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरी अक्षरांची मांडणी इस्कीच्या धर्तीवरच करण्यात आली. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा अंक कोणत्याही फॉन्टमध्ये व कोणत्याही देशात एकच असतो. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी नोंद बदलत नाही.

३. रोमन लिप्यंतराच्या मर्यादा

देवनागरी टंकलेखनाच्या अडचणींमुळे अनेक ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदवण्याचा मार्ग अवलंबला गेला. यातून दुसरीच समस्या निर्माण झाली. ‘ज्ञानेश्वरी’ या शीर्षकातील पहिले अक्षर रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते : मराठी उच्चारानुसार ‘डी’ने, संस्कृत परंपरेनुसार ‘जे’ने आणि हिंदी उच्चारानुसार ‘जी’ने आरंभ करून. एकाच ग्रंथाच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी नोंदवल्यास तालिकेत त्या तीन दूरच्या ठिकाणी जाऊन बसतात. ‘आयएसओ १५९१९’ हे भारतीय लिप्यांच्या लिप्यंतराचे आंतरराष्ट्रीय मानक २००१ पासून उपलब्ध आहे. मात्र त्यातील विशेष चिन्हे सामान्य वाचक शोधपेटीत टंकलिखित करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून लिप्यंतर हे देवनागरी नोंदीस पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे.

४. युनिकोडनंतरही उरणाऱ्या अडचणी

युनिकोड स्वीकारल्याने सर्व प्रश्न आपोआप सुटतात, असेही नाही. मराठीच्या काही वैशिष्ट्यांकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

अ) ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : एक तर नुक्तायुक्त ‘ऱ’ व हलन्त यांच्या साहाय्याने, अथवा साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात.

आ) ‘ॲ’ या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये (आवृत्ती ५.१) मिळाले. तत्पूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून हे अक्षर साधले जाई. त्यामुळे ॲरिस्टॉटलविषयीचे जुने व नवे ग्रंथ एका शोधात एकत्र येतीलच, असे नाही.

इ) मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या अंकक्रमात तो ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये आहे. आज्ञावलीला मराठीचा क्रम स्वतंत्रपणे सांगितला नाही, तर ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’ या शब्दाच्या आधी लागतो आणि वर्णानुक्रमे पाहणारा वाचक चुकतो.

ई) शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार आढळतात. नोंद मुद्रित रूपानुसार केली तर आजच्या लेखनपद्धतीने शोधणाऱ्यास ग्रंथ मिळत नाही, आणि आधुनिक रूपानुसार केली तर नोंद मूळ ग्रंथाशी जुळत नाही. यावर मार्क २१ मध्ये तोडगा आहे. मुद्रित शीर्षक २४५ या क्षेत्रात व पर्यायी रूप २४६ या क्षेत्रात देता येते.

५. ग्रंथकारनामाचे प्रमाणीकरण

मराठी साहित्यात टोपणनावांची परंपरा समृद्ध आहे. ‘कुसुमाग्रज’ व वि. वा. शिरवाडकर, ‘गोविंदाग्रज’ व राम गणेश गडकरी या जोड्या प्राध्यापकांस परिचित आहेत, यंत्रास नाहीत. स्त्री-लेखिकांच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिक आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे व विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. ही नावे प्राधिकृत नामनोंदीद्वारे परस्परांशी जोडली नाहीत, तर एकाच लेखिकेचे लेखन तालिकेत विखुरले जाते आणि त्यावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची ग्रंथसूची अपुरी राहते.

६. नव्या तंत्रज्ञानाचे नोंदीवरील अवलंबन

बारकोड वाचण्यासाठी तो वाचकयंत्रासमोर धरावा लागतो. आरएफआयडीमध्ये रेडिओ लहरींचा उपयोग होत असल्याने ग्रंथांची मोजणी व देवघेव अधिक वेगाने होते. मात्र ही दोन्ही साधने प्रतीची ओळख पटवतात. ग्रंथ कशाविषयी आहे हे नोंदच सांगते. अंकीकरणाचेही तसेच आहे. केवळ स्कॅन केलेले पान हे संगणकासाठी चित्र असते. ते शोधयोग्य करण्यासाठी अक्षर-ओळख आज्ञावली लागते. ‘टेसरॅक्ट’सारख्या मुक्त स्रोत आज्ञावलीत मराठीची सोय आहे. तथापि फिकट छपाई, जीर्ण कागद व जुनी जोडाक्षरे असतील तर चुका वाढतात आणि मानवी तपासणी अटळ ठरते. अलीकडील कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शोधसेवांनाही हाच नियम लागू होतो. जी नोंद यंत्राला वाचता येत नाही, तिच्याआधारे उत्तरही देता येत नाही.

याचा एक दूरगामी परिणाम लक्षात घेणे आवश्यक आहे. परदेशी ई-नियतकालिकांच्या नोंदी प्रकाशकाकडून तयार येतात. स्थानिक मराठी ग्रंथ, स्मरणिका वा जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तके यांची नोंद बहुधा संबंधित ग्रंथालयालाच करावी लागते. ती सदोष असल्यास ग्रंथ शोधात येत नाही. शोधात येत नाही म्हणून देवघेव होत नाही. आणि देवघेव नाही म्हणून निर्लेखनाच्या वेळी तोच ग्रंथ निरुपयोगी ठरण्याचा धोका संभवतो. दुर्मीळ ग्रंथ अशा रीतीने गमावला तर तो पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

७. उपाययोजना

१) फॉन्ट-आधारित जुन्या नोंदींचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. मूळ प्रत जतन करून रूपांतरित नोंदी ग्रंथाच्या मुखपृष्ठाशी ताडून पाहाव्यात.

२) देवनागरी नोंद प्रमुख मानावी. रोमन रूप दिल्यास ते एकाच मानकानुसार द्यावे. मार्क २१ मधील ८८० या क्षेत्राद्वारे दोन लिप्यांतील नोंदी जोडता येतात.

३) अर्धा र, ॲ व अनुस्वार यांविषयी ग्रंथालयाने लेखी नियम ठरवावेत, जेणेकरून कर्मचारी बदलला तरी पद्धत बदलणार नाही.

४) टोपणनावे व नामांतरे यांची प्राधिकृत सूची मराठी विभागाच्या सहकार्याने तयार करावी.

५) प्रत्येक विभागाने आपल्या विषयातील पन्नास मराठी ग्रंथ कपाटातून निवडून ते ओपॅकवर देवनागरीत शोधून पाहावेत. न सापडलेल्या ग्रंथांची यादी हीच दुरुस्तीच्या कामाची पहिली यादी होय.

६) निर्लेखनापूर्वी ग्रंथाची नोंद शोधयोग्य होती काय, याची खातरजमा करावी.

निष्कर्ष

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ग्रंथाच्या बाजूने विचार करते. त्यानुसार ग्रंथास त्याचा वाचक मिळवून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरते. संगणकीकृत ग्रंथालयात या कर्तव्याचा आरंभ अचूक नोंदीपासून होतो. नवी यंत्रसामग्री खरेदी करण्यास निधी लागतो. नोंद सुधारण्यास प्रामुख्याने भाषेचे ज्ञान, चिकाटी व ग्रंथपाल आणि प्राध्यापक यांचे सहकार्य लागते. हे काम संथ व डोळ्यांत न भरणारे असले, तरी ते केल्यावाचून ग्रंथालयात आणलेल्या कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाचा पूर्ण लाभ मराठी वाचकास मिळणार नाही.