पैसे आले, पण खाते उघडायचे का?

वेब होस्टिंगच्या धंद्याला भांडवल फारसे लागत नाही. मोठ्या कंपनीकडून रिसेलर पॅकेज घ्यायचे, त्यातली जागा छोट्या पॅकेजमध्ये वाटायची, बिलिंगसाठी डब्ल्यूएचएमसीएससारखे सॉफ्टवेअर बसवायचे आणि पेमेंट गेटवे जोडायचा. वेबसाइट करून देणारे अनेक जण असेच होस्टिंग विकू लागतात. ओळखीतून ग्राहक येतात तोवर सगळे सुरळीत चालते. ऑनलाइन ऑर्डर घ्यायला सुरुवात झाली की अनोळखी माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर चोरीचे कार्ड घेऊन येणारेही.

त्यांना होस्टिंग हवे असते, कारण हा माल ट्रकने जात नाही. डिलिव्हरीचा पत्ता लागत नाही, पैसे भरल्यावर मिनिटभरात खाते हातात पडते. त्यावरून हजारो स्पॅम मेल सोडता येतात किंवा एखाद्या बँकेच्या लॉगिनची हुबेहूब नक्कल उभी करता येते. फिशिंगचे पान दोन दिवस टिकले तरी त्यांचे काम होते. काहींना होस्टिंगही नको असते, चोरलेली कार्डे चालू आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते. मग सर्वांत स्वस्त पॅकेजवर ओळीने दहा-पंधरा कार्डे घासली जातात आणि बहुतेक नाकारली जातात.

विकणाऱ्याचे नुकसान नंतर कळते. खरा कार्डधारक स्टेटमेंट पाहतो, बँकेकडे तक्रार करतो आणि चार्जबॅक येतो. व्हिसाच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणजे विसरून गेलेल्या ऑर्डरचे पैसे चार महिन्यांनी परत जातात, वर गेटवेचा दंड. डॉट कॉम डोमेन नोंदवले असेल तर रद्द करायला पहिले ५ दिवसच असतात, तेही रजिस्ट्रारने सोय दिली असेल तर.

यापेक्षा मोठे नुकसान मात्र शेजाऱ्यांचे. शेअर्ड सर्व्हरवर शंभर जणांचे मेल एकाच आयपीवरून जातात. एकाने स्पॅम सोडला आणि तो आयपी स्पॅमहाउससारख्या यादीत गेला की डॉक्टरांचे अपॉइंटमेंटचे मेल आणि शाळेच्या फीच्या पावत्याही परत येऊ लागतात. वरची कंपनी कधी कधी सगळे रिसेलर खातेच बंद करते. आपल्या भरवशावर बसलेल्या या लोकांसाठी ऑर्डर तपासायची. आपले चारशे रुपये वाचणे ही त्यातली छोटी गोष्ट आहे.

पहिले काम सेटिंगमध्ये. डब्ल्यूएचएमसीएसमध्ये खाते कधी तयार व्हावे यासाठी पर्याय असतात: ऑर्डर येताच, पैसे जमा होताच किंवा तुम्ही स्वतः ऑर्डर मान्य केल्यावर. नव्या ग्राहकासाठी तिसरा पर्याय ठेवा. जुन्या ग्राहकाचे नूतनीकरण आपोआप होऊ द्या, पण पहिली ऑर्डर पेंडिंगमध्येच पडू द्या. वेबसाइटवर स्पष्ट लिहा की नवे खाते कामाच्या वेळेत काही तासांत सुरू होते. घाई फसवणाऱ्यालाच जास्त असते. खऱ्या ग्राहकाची वेबसाइट अजून तयारही झालेली नसते.

आता पेंडिंग ऑर्डर वाचायची कशी? एक नमुना घेऊ. ऑर्डर पहाटे २.४० ला आली आहे. नाव अमेरिकन, पत्ता ओहायोमधला. फोनचा एरिया कोड ३०५, म्हणजे मायामीचा. आयपी कुठल्याशा डेटा सेंटरचा, घरगुती इंटरनेटचा नव्हे, म्हणजे मध्ये व्हीपीएन किंवा प्रॉक्सी आहे. ईमेल पत्त्यात नावाचा मागमूस नाही, नुसती अक्षरे आणि आकडे. पॅकेज सर्वांत मोठे, मुदत तीन वर्षांची, आधी एकही प्रश्न विचारलेला नाही. मागितलेल्या डोमेनमध्ये एका भारतीय बँकेचे नाव, पुढे आडवी रेघ, मग 'केवायसी', पुन्हा रेघ आणि 'अपडेट'.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला निरुपद्रवी उत्तर आहे. अमेरिकेत गाव बदलले तरी लोक जुना मोबाइल नंबर ठेवतात. आपली पहाट म्हणजे तिकडची दुपार-संध्याकाळ. व्हीपीएन तर कितीतरी सज्जन लोक वापरतात. पण सगळे एकत्र ठेवून स्वतःला विचारा: ओहायोतल्या माणसाला भारतीय बँकेच्या केवायसीची वेबसाइट कशाला हवी, आणि ती सांगलीतल्या छोट्या दुकानातून तीन वर्षांसाठी का हवी? या प्रश्नाला उत्तर नाही. ही ऑर्डर रद्द.

दुसरी ऑर्डर बघा. आयपी शिकागोचा, कार्ड अमेरिकेतल्या बँकेचे, पत्ता मालवणचा, फोन भारतीय. देशांचा मेळ नाही म्हणून सॉफ्टवेअर तिच्यावर लाल शिक्का मारेल. पण डोमेनमध्ये होमस्टेचे नाव आणि मालवण आहे, पॅकेज सर्वांत लहान, एका वर्षाचे, आणि कालच चॅटवर कुणीतरी विचारले होते की संपर्काच्या फॉर्ममध्ये मराठीत लिहिलेले नीट येईल ना. मुलगी शिकागोत, बाबांचा होमस्टे मालवणात, पैसे तिने भरले. पत्ते जुळत नाहीत, तरी ऑर्डर खरी आहे. बाबांना एक फोन करायचा आणि खाते उघडून द्यायचे.

यंत्राची मदत जरूर घ्यावी. मॅक्समाइंडची मिनफ्रॉड सेवा प्रत्येक ऑर्डरला ०.०१ ते ९९ असा धोक्याचा गुण देते, म्हणजे ही ऑर्डर खोटी असण्याची टक्केवारी. फ्रॉडरेकॉर्डवर होस्टिंगवाले एकमेकांसाठी नोंदी ठेवतात. ग्राहकाची माहिती तिथे हॅश करून जाते, त्यामुळे नाव उघड होत नाही. पण त्या नोंदीमागे कधी साधे बिलाचे भांडणही असू शकते, हे लक्षात ठेवा. मोबाइल इंटरनेटच्या आयपीवरून काढलेल्या गावावर तर अजिबात जाऊ नका. वेंगुर्ल्याचा ग्राहक मुंबईत दिसू शकतो. यंत्राचा गुण कोणती ऑर्डर आधी उघडून वाचायची हे ठरवायला चांगला, निकाल तुम्हीच द्यायचा.

पैशाच्या बाजूने पाहताना गेटवेच्या डॅशबोर्डवर कार्ड कोणत्या देशातल्या बँकेचे आहे ते दिसते, कारण सुरुवातीचे ६ किंवा ८ अंक बँकेची ओळख सांगतात. पत्ता जुळवून पाहणारी एव्हीएस पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांना लागू पडते. तीही घरक्रमांक आणि पिनकोड असे आकडेच ताडून पाहते. भारतीय कार्डांना रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात दुसरी पडताळणी सक्तीची केली, म्हणून आपल्याला ओटीपीची सवय आहे. परदेशी कार्ड ओटीपीशिवायही पास होऊ शकते. गेटवेमध्ये थ्रीडी सिक्युअर सक्तीचे करता येत असेल तर करा. ती पडताळणी पुरी झाली की फसवणुकीच्या चार्जबॅकची जबाबदारी बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते.

यूपीआयची तऱ्हा वेगळी. व्हॉट्सॲपवर आलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. त्यातला १२ अंकी क्रमांक आपल्या बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष दिसला पाहिजे. पैसे खरोखर आले तरी पाठवणाऱ्याचे नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा. फसवलेल्या माणसाने १९३० वर तक्रार केली की त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तिथे रक्कम रोखली जाते, आणि त्या साखळीत तुमचे चालू खातेही अडकू शकते. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले या दुसऱ्या नंबरवर परत करा' असा निरोप आला तर मुळीच ऐकू नका. ज्या वाटेने आले त्याच वाटेने, तेवढेच परत.

शंका उरली तर विचारावे, पण ग्राहकाचा मान राखून. 'नमस्कार, तुमची ऑर्डर मिळाली. खाते सुरू करण्याआधी दोन मिनिटे फोनवर बोलून घ्यायचे आहे. कधी फोन करू?' एवढे पुरते. खरा ग्राहक वेळ सांगतो आणि वेबसाइट कशाची आहे हे न विचारता सांगू लागतो. खोटा एक तर गप्प होतो, नाही तर 'आत्ताच ॲक्टिव्हेट करा' म्हणून टिकिटावर टिकिट टाकतो, किंवा तासाभरात त्याच आयपीवरून दुसऱ्या नावाने येतो. कार्डाचा फोटो कधीही मागू नका. व्यवहार झाल्यावर सीव्हीव्ही जवळ ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांत मनाई आहे. ओळखपत्र लागलेच तर शेवटचे ४ अंक दाखवणारे मास्क्ड आधार चालते.

ऑर्डर खोटी ठरली की वाट पाहू नका. कार्डधारकाने तक्रार करण्याआधी स्वतःहून रिफंड केला तर चार्जबॅकचा दंड सहसा टळतो.

इतके करूनही एखादा आत येईल हे धरूनच चाला. नव्या खात्याला पहिले काही दिवस तासाला थोडेच मेल पाठवता येतील अशी मर्यादा पॅकेजमध्ये घाला. बेकरीच्या वेबसाइटला तासाला पाचशे मेल लागत नाहीत. खात्यात फिशिंगचे पान सापडले तर ते डिलीट करू नका. खाते सस्पेंड करा, फाइलींची प्रत काढा, ऑर्डरचा आयपी, वेळ, पेमेंटचा क्रमांक आणि टिकिटे एकत्र ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि व्हीपीएस विकणाऱ्यांना ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क आणि आयपी खाते बंद झाल्यानंतरही ५ वर्षे जपावे लागतात. ज्या बँकेच्या नावाची नक्कल झाली तिलाही त्याच दिवशी मेल टाका, कारण तिच्या ग्राहकांना तोवर ती लिंक मेसेजमधून गेलेली असते.