विंधन विहिरीची परीक्षा आणि संगणकाच्या पडद्यावरील नियंत्रणफलक

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील केळवे-माहीमचे पानमळे, डहाणू-घोलवडकडील चिकूच्या बागा आणि बोईसर-तारापूरच्या परिसरातील भाजीपाला यांना उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याचा मोठा आधार असतो. येथे पाऊस दोन हजार मिलीमीटरहून अधिक पडतो. परंतु खाली काळा बेसाल्ट खडक असल्याने त्यांतील थोडेच पाणी मुरते. जे मुरते ते खडकाच्या कुजलेल्या थरांत, भेगांत व सच्छिद्र भागांत साठून राहते. समुद्र जवळच असल्यामुळे विंधन विहीर प्रमाणाबाहेर खोल गेली, अथवा उपसा वाढला, की खालचे खारे पाणी वर चढू लागते. असे पाणी पानवेलीस मानवत नाही आणि जमीनही बिघडविते. म्हणून कोणत्या खोलीवर कसले पाणी आहे, हे केसिंग बसविण्यापूर्वीच समजणे अगत्याचे असते.

ही माहिती देणारी परीक्षा म्हणजे विहिरीचे 'लॉगिंग'. तिचा पहिला विद्युत्-प्रयोग १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे, श्लुंबर्जे बंधूंच्या उपक्रमातून, तेलविहिरीत झाला. केबलच्या टोकास जोडलेले नळीसारखे शोधकयंत्र, म्हणजे प्रोब, विहिरीत सोडून वर ओढतात आणि खोलीगणिक खडकाचा विद्युत्-रोध मोजतात. घट्ट खडकाचा रोध जास्त, पाणी भरलेल्या भेगाळ थराचा कमी, आणि खाऱ्या पाण्याच्या थराचा फारच कमी असतो. मात्र चिकणमातीचाही रोध कमीच भरतो. तेव्हा गाळाच्या जमिनीत दोहोंतील भेद ओळखण्यास नैसर्गिक गॅमा किरणांची मोजणी उपयोगी पडते. चिकणमातीत ती सामान्यतः वाढते, निव्वळ खाऱ्या पाण्याने वाढत नाही.

पूर्वी या कामास मोटारीत बसविलेली जड यंत्रपेटी लागे. तिच्यावर खटके, फिरविण्याच्या कळा व काटे असत, आणि कागदाच्या पट्टीवर लेखणी आलेख काढी. आता त्या पेटीऐवजी एक लहान जोडपेटी व लॅपटॉप पुरतो. खटके आणि काटे सॉफ्टवेअर पडद्यावर चित्ररूपाने दाखविते. त्यांवर टिचकी मारली, की आज्ञा केबलमधून प्रोबकडे जाते. यामुळे सामान हलके होऊन बागेच्या अरुंद वाटेनेही नेता येते. शिवाय मोजणी करताना कोणती मापे लावली होती, याची नोंद आलेखासोबतच जतन करता येते. जुन्या कागदी पट्टीवर ही नोंद पुष्कळदा राहून जाई.

तथापि पडद्यावरील फलक केवळ आज्ञा देतो व आकडे दाखवितो. यादीतून चुकीच्या प्रोबचे नाव निवडले गेले, तरी आलेख सुबक दिसतो आणि चूक लपून राहते. खोली मोजणाऱ्या चाकाचा शून्यबिंदू जमिनीच्या पातळीशी जुळविला नाही, किंवा चाकावर केबल घसरली, तर संपूर्ण आलेख वरखाली सरकतो. समजा, गोडे पाणी ३२ मीटरपर्यंत आहे आणि त्याखाली खारे. आलेखाने ती सीमा ३४ मीटरवर दाखविली, तर तळ ३४ मीटरपर्यंतच बुजविला जाईल व खाऱ्या पाण्यास दोन मीटरची वाट मोकळी राहील. त्यासाठी काही भागाची मोजणी दुसऱ्यांदा करवून दोन्ही आलेख ताडून पाहावेत. रहाटाचा खराखुरा ब्रेकही हाताशी असावा. संगणक मध्येच अडकला, तर पडद्यावरील 'थांबा'चे बटण कामी येत नाही.

विहिरीतील पाण्याची क्षारता व तापमान मात्र प्रोब खाली जातानाच, पाणी ढवळण्यापूर्वी, मोजावे. विद्युत्-रोधाची मोजणी पाणी भरलेल्या, केसिंग नसलेल्या भागातच होते. गॅमाची केसिंगमधूनही होते. ग्रामसेवकांनी बागायतदारास ही गोष्ट नळ बसण्यापूर्वीच सांगावी, कारण नंतर सांगून उपयोग नसतो.

तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या आसपास आणखी एक सावधगिरी हवी. क्षारता वाढलेली दिसली, तरी ती समुद्राच्या पाण्याने वाढली की कारखान्याच्या सांडपाण्याने, हे आलेखावरून ठरत नाही. त्या खोलीवरील पाण्याचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत तपासावा लागतो. लॉगिंगसंबंधी सल्ल्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे विचारणा करावी. आलेखाच्या छापील प्रतीवर गाव, गट क्रमांक, दिनांक, पाण्याची पातळी, केसिंगची खोली व प्रोबचा प्रकार लिहून घ्यावा आणि ती प्रत सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवावी.