यंत्राच्या पोटातील पुस्तक

संगणकाला आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पडद्यावरील चित्राकडे निर्देश करणे. दुसरा, आज्ञा अक्षरांत टंकित करणे. दुसऱ्या मार्गात शेकडो आज्ञा असतात, आणि एका चुकीच्या आज्ञेने महिन्याभराचे काम पुसले जाऊ शकते. एवढे सगळे लक्षात कोण ठेवणार? कोणीच नाही! म्हणून यंत्राच्या पोटातच एक पुस्तक ठेवलेले असते. ते उघडणारी आज्ञा अवघ्या तीन इंग्रजी अक्षरांची आहे : 'मॅन'. 'मॅन्युअल' म्हणजे माहितीपुस्तिका, या शब्दाचे हे संक्षिप्त रूप.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून 'युनिक्स' ही संगणकप्रणाली घडवली. तिच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. आजच्या लिनक्स प्रणालीतही तीच परंपरा चालू आहे.

एक उदाहरण घेऊ. फाइलीची नक्कल करणारी आज्ञा आहे 'सीपी'. 'मॅन सीपी' असे टंकित करून एंटरची कळ दाबा. आधी आज्ञेचे नाव दिसेल, मग ती लिहिण्याची रीत, मग वर्णन. रीतीमधील चौकोनी कंसातला भाग ऐच्छिक असतो. तीन टिंबे म्हणजे तो भाग पुन्हा लिहिता येतो. वर्णनात 'आय' हा पर्याय आढळेल. तो जोडल्यास जुन्या फाइलीवर नवी लिहिण्यापूर्वी संगणक परवानगी विचारतो. यावरून काय निष्कर्ष निघतो? एरवी तो विचारत नाही! जुनी फाइल मुकाट्याने नाहीशी होते.

पुढचे पान पाहण्यास स्पेसची कळ, शब्द शोधण्यास तिरकी रेघ व तो शब्द, बाहेर पडण्यास 'क्यू'.

या पुस्तिकेत पहिल्यापासून 'बग्ज', म्हणजे दोष, असा एक मथळा आहे. आज्ञा कोठे चुकते, हे तिच्या कर्त्यानेच तेथे लिहायचे. वर्निअर कॅलिपर्सची शून्य-त्रुटी आपण वहीत आधी नोंदवतो, तसेच हे. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी सांगितले आहे की, नवी आवृत्ती निघताना छापण्यास लाज वाटेल असे दोष लोक आधी दुरुस्त करीत. लिहिण्यामुळे प्रणालीच सुधारली.

शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर 'मॅन मॅन' टंकित करून पाहा. पुस्तकाविषयीचे पान त्याच पुस्तकात मिळेल, तेही इंटरनेटवाचून.