आगंतुक खिडक्यांचा बंदोबस्त

आपल्याकडील जुन्या वाड्यांची रचना पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांच्या व्यवहारचातुर्याचें कौतुक वाटतें. रस्त्यावरून येणारा मनुष्य प्रथम अंगणांत येई. ओळखदेख असली तर ओसरीवर बसे. माजघरापर्यंत जाण्याचा अधिकार आप्तस्वकीयांचा, आणि देवघर व स्वयंपाकघर तर त्याच्याही पलीकडे. बोहारीण, कल्हईवाला, सुया-पोत विकणारी हीं सर्व मंडळी बाहेरूनच हाळी देत आणि 'आज नको' असें ऐकलें म्हणजे पुढच्या दाराकडे वळत.

हल्लीं मात्र घराघरांत एक असा फेरीवाला शिरला आहे कीं, त्याला ना अंगण ठाऊक, ना ओसरी. आजोबा मोबाइलवर वर्तमानपत्र वाचीत असतात, सूनबाई विजेचें बिल भरीत असतात, मुलें अभ्यासाचें टिपण शोधीत असतात. तोंच पडद्यावर एक भलतीच चौकट उगवते. कोणी बक्षीस लागल्याचें सांगतो, कोणी कर्ज देऊं करतो, तर कोणी जें दाखवूं नये तें दाखवितो. या चौकटीला इंग्रजींत पॉप-अप म्हणतात. आम्ही तिला आगंतुक खिडकी म्हणतों. तिचा बंदोबस्त कसा करावा, हें आज आमच्या वाचकांस व वाचकभगिनींस सांगावयाचें आहे.

या खिडकीचा जन्म कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ट्रायपॉड नांवाच्या अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर कोणीही आपलें पान मांडीत असे, व त्या पानांवर जाहिराती झळकत. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी एका अश्लील पानावर झळकली, आणि कंपनी संतापली. तेव्हां तेथील ईथन झुकरमन या गृहस्थांनीं तोड काढली कीं, जाहिरात पानावर न देतां वेगळ्या खिडकींत उघडावी, म्हणजे तिचा त्या पानाशीं संबंध दिसणार नाहीं. शालीनता राखण्यासाठीं काढलेली ही युक्तिच पुढें जगाला ताप झाली! झुकरमन यांनीं २०१४ सालीं 'द अटलांटिक' या मासिकांत लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

हा केवळ त्रासाचा प्रश्न आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत नॉर्विच गावीं ऑक्टोबर २००४ मध्यें एक बदली शिक्षिका सातवीच्या वर्गावर होती. मुलें केशरचनेचें एक साधें पान पाहत असतां संगणकावर एकामागून एक बीभत्स चित्रांच्या खिडक्या उघडूं लागल्या. बंद करावी तों दुसरी पुढें. संगणक जुना, आणि शाळेनें बसविलेल्या गाळणीची मुदत टळून गेलेली. शिक्षिकेवर खटला झाला व जानेवारी २००७ मध्यें ज्यूरीनें तिला दोषी ठरविलें. चाळीस वर्षांपर्यंत शिक्षा होण्याचा संभव होता. जाणकारांनीं हा संगणकांत शिरलेल्या उपद्रवी प्रोग्रामचा खेळ असल्याचें निदर्शनास आणल्यावर जून २००७ मध्यें न्यायाधीशांनीं तो निकाल रद्द केला. परंतु अखेर २००८ मध्यें किरकोळ गुन्हा कबूल करून, शंभर डॉलर दंड भरून व शिक्षिकेचा परवाना सोडूनच तिची सुटका झाली. एका आगंतुक खिडकीनें एका संसाराची केवढी धूळधाण केली, याचा विचार प्रत्येक पालकानें करावा.

सुदैवानें त्याच सुमारास उपायही हातीं आले. ऑपेरा या ब्राउझरानें २००० सालींच अशा खिडक्या अडविण्याची सोय केली होती. २००४ मध्यें विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचाबरोबर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरांतही ती आली. तिचें तत्त्व सोपें आहे. वाचणाऱ्यानें कांहीं दाबल्यावांचून पान आपण होऊन नवी खिडकी उघडूं लागलें, तर ब्राउझर तें होऊं देत नाहीं. आज बहुतेक ब्राउझरांत हा अडसर मुळांतच घातलेला असतो; तो कोणी काढला तर नाहीं ना, एवढेंच पाहावयाचें.

क्रोममध्यें उजव्या कोपऱ्यांतील तीन ठिपके दाबून 'सेटिंग्ज' उघडावें. तेथें 'साइट सेटिंग्ज' या सदरांत (संगणकावर तें 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खालीं असतें) 'पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स' पाहावें व मनाईचा पर्याय कायम ठेवावा. फायरफॉक्समध्यें याच जातीची खूण सेटिंग्जच्या परवानग्यांच्या भागांत असते. आयफोनवर सेटिंग्जमधील सफारीच्या पानावर 'ब्लॉक पॉप-अप्स' हें बटण चालू असावें. नव्या फोनांत सफारीचें पान 'ॲप्स' या सदराखालीं सांपडतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. बँका, शाळा किंवा सरकारी कचेऱ्या यांचीं पानें कधीं कधीं पावती अथवा अर्ज वेगळ्या खिडकींत उघडतात, आणि अडसरामुळें ती उघडत नाहीं. अशा वेळीं चिडून सगळाच अडसर काढूं नये. पत्त्याच्या पट्टींत खिडकी अडविल्याची खूण दिसते. ती दाबून तेवढ्या एका पानास परवानगी द्यावी. ओळखीच्या पाहुण्यासाठीं कडी काढावी, दार उखडून ठेवूं नये.

इतकें करूनही कांहीं आगंतुक येतातच. त्यांचे तीन प्रकार आम्हांस दिसतात. पहिला प्रकार पडद्याचा. ही वेगळी खिडकी नसून पानावरच ओढलेलें आच्छादन असतें, म्हणून अडसराला ती दिसत नाहीं. येथें जाहिराती गाळणारी जोडणी उपयोगी पडते. रेमंड हिल यांची 'यूब्लॉक ओरिजिन' ही विनामूल्य जोडणी फायरफॉक्समध्यें चालते; क्रोमच्या बदललेल्या नियमांमुळें तेथें तिची 'लाइट' ही धाकटी आवृत्ति घ्यावी लागते.

दुसरा प्रकार सूचनांचा. एखादें पान 'सूचना पाठवूं का?' असें विचारतें; घाईंत कोणी होकार देतो, आणि मग ब्राउझर मिटलेला असतांही पडद्याच्या कोपऱ्यांत जाहिराती टपकतात. घरांतील वडील माणसांच्या मोबाइलवर हा उपद्रव फार. साइट सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी पानांचीं नांवें एकेक करून काढून टाकावीं. तेवढ्यानेंही जाहिराती थांबल्या नाहींत, तर नुकतेंच घेतलेलें एखादें फुकट ॲप हें कारण असूं शकतें. तें काढून पाहावें.

तिसरा प्रकार आमिषाचा. फुकट चित्रपट किंवा क्रिकेटचे सामने दाखविणाऱ्या पुष्कळशा पानांवर एक अदृश्य थर पसरलेला असतो. आपण चित्र सुरू करण्यासाठीं बोट टेकवितों, आणि तीच संमति समजून नवी खिडकी उघडते. आपणच दाबलें असल्यामुळें अडसर येथें फसतो. यावर खरा उपाय एकच: अशा पानांची वाटच सोडावी.

सर्वांत घातक ती भयसूचक खिडकी. पडदा व्यापून जातो, भोंगा वाजूं लागतो, 'आपल्या संगणकास विषाणूची बाधा झाली आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असा मजकूर झळकतो. फोन केला कीं पलीकडचा गोडबोल्या संगणकाचा ताबा मागतो आणि बँकेंतील पैशाला वाट फुटते. मायक्रोसॉफ्टनें स्पष्ट सांगितलें आहे कीं, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोनचा क्रमांक कधींच नसतो. म्हणून क्रमांक दिसला कीं लबाडी ओळखावी. घाबरूं नये, फोन करूं नये. विंडोजवर एस्केप कळ कांहीं वेळ दाबून धरावी. नाहींच गेली तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि तो पुन्हा उघडल्यावर मागचीं पानें परत आणूं नयेत. पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें व सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. लाजेनें गप्प बसणाऱ्याचें नुकसान दुप्पट होतें.

जाहिरातीशीं आमचें वैर नाहीं. मासिकें जाहिरातींच्या आधारानें चालतात, हें आम्ही जाणतों. परंतु छापील जाहिरात आपल्या जागीं मुकाट्यानें थांबते. वाचकास वाटलें तर वाचतो, नाहींतर पान उलटतो. हा संयम जिनें सोडला ती जाहिरात जाहिरात न राहतां घुसखोरी होते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेंही ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले आहेत, आणि एकसारखें टुमणें लावणें व जाहिरातीला दुसरें रूप देऊन पुढें करणें हे दोन्ही त्यांत येतात.

कायदा आपल्या गतीनें येईल. घरचा बंदोबस्त घरच्यांनींच करावयाचा आहे. एकत्र कुटुंबांत ही गोष्ट अवघड नाहीं. एखाद्या रविवारीं दुपारीं घरांतील तरुणांनीं सर्वांचे मोबाइल व संगणक पुढ्यांत घेऊन वरील खुणा तपासाव्या, आणि हें करतांना वडील मंडळींस व मुलांस काय करीत आहों तें समजावून सांगावें. नुसता अडसर घालून देणाऱ्यापेक्षां तो कां घातला हें सांगणारा अधिक उपकार करतो. आणि एखाद्या मुलाच्या हातांतील पडद्यावर भलतें चित्र दिसलेंच, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं तें त्यानें उघडलें कीं आपण होऊन उघडलें, एवढें शांतपणें विचारावें. नॉर्विचच्या त्या शिक्षिकेस हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाहीं.