सासू-सुनेसमोरचा पडदा

रंगमंचावर काय दाखवू नये, याचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात बारकाईने केलेला आहे. युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दुय्यम पात्रांच्या बोलण्यातून कळवाव्यात, असे तिथे सांगितले आहे. चुंबन, आलिंगन, शेजेवरचे प्रसंग हेही वर्ज्यच. या दुसऱ्या निषेधाचे कारण मोठे मार्मिक आहे. नाटक बाप आणि मुलगा, सासू आणि सून एकत्र बसून पाहतात, म्हणून हे टाळावे. प्रेक्षक बिघडेल, समाज रसातळाला जाईल, असा मुद्दा इथे नाही. शेजारी कोण बसले आहे, एवढेच पाहिले आहे.

यातला पहिला निषेध आज कोणी पाळत नाही, दुसरा मात्र पक्का रुजला आहे. २०१५ मध्ये जेम्स बाँडचा ‘स्पेक्टर’ भारतात लागला, तेव्हा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यातली चुंबने निम्म्याने कमी करायला लावली. गोळीबार आणि हाणामारी तशीच राहिली.

ही सोवळी वृत्ती इंग्रजांनी शिकवली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९१८च्या कायद्यानंतर आलेल्या सेन्सॉरला खरी भीती राजकारणाची होती. मुंबईच्या कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’वर (१९२१) काही प्रांतांत बंदी आली, कारण पडद्यावरचा विदुर गांधीजींसारखा दिसत होता. उलट १९३३च्या ‘कर्मा’त देविकाराणी आणि हिमांशू राय यांचे लांबलचक चुंबन पडद्यावर आले. चुंबन खरे हद्दपार झाले ते स्वातंत्र्यानंतर. न्यायमूर्ती खोसला समितीने १९६९ मध्ये, कथेची गरज असेल तर चुंबन आणि नग्नता दाखवायला हरकत नसावी, अशी शिफारस केली. पण पुढेही कित्येक वर्षे प्रेमिकांच्या जागी दोन फुलेच एकमेकांवर डुलत राहिली.

भरताने सांगितलेले कारण विसाव्या शतकात घराघरांत अनुभवाला आले ते दूरदर्शनमुळे. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागे. शेजारपाजारची माणसेही चटईवर येऊन बसत. अभिमन्यूला घेरून मारलेले, भीष्म बाणांवर पडलेले आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र पाहिले. कोणी उठून गेले नाही. त्याच संचावर ‘निरोध’ या कंडोमची जाहिरात आली की कोणाला तरी तहान लागे, कोणी वर्तमानपत्र उघडे. मारामारी पाहताना बापलेकांच्या मनात एकच भावना असते आणि ती बोलूनही दाखवता येते. कामदृश्य पाहताना प्रत्येकाला स्वतःच्या शरीराची जाणीव होते आणि शेजारच्यालाही ती झाली असेल, हे कळते. अवघडलेपण येते ते या दुहेरी जाणिवेतून. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवाव्यात, असे वाहिन्यांना कळवले. त्या वेळी मुले झोपलेली असतात, हाच त्यामागचा हिशेब.

हिंसा चालते आणि चुंबन खुपते, याचे दुसरे कारण अभिनयाच्या स्वरूपातच आहे. पडद्यावर मेलेला नट संध्याकाळी घरी जेवायला जातो, हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. रक्त म्हणजे रंग, तलवार बोथट. चुंबन मात्र चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच घेतलेले असते आणि उघडे अंगही त्या नटीचेच असते. ‘हिच्या घरच्यांना काय वाटत असेल?’ हा प्रश्न खुनाच्या दृश्यात कोणी विचारत नाही. तो बहुतेक वेळा नटीबद्दल विचारला जातो, नटाबद्दल नाही. घराची अब्रू बाईच्या अंगावर तोलण्याची जुनी सवय त्यात उघडी पडते.

हिंसेला कथेत नीतीचे पाठबळ असते. खलनायक मरतो तो न्याय ठरतो. त्यामुळे हिंसेला कात्री लागते तेव्हाही कारण बहुधा निराळे निघते. ‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला तो मंजूर झाला नाही, कारण माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नव्हता. शेवट नव्याने चित्रित झाला आणि पोलीस वेळेवर पोहोचले. आक्षेप केवळ क्रौर्याला नव्हता.

हिंसेला मोकळीक आणि शृंगाराला कात्री, हा कल माणसाच्या स्वभावातच आहे, असे मात्र नाही. स्वीडनमध्ये १९११ पासून शंभर वर्षे सरकारी सेन्सॉर होते आणि तिथली कात्री हिंसेवर अधिक चाले. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ हा मुलांचा चित्रपट तिथे अकरा वर्षांखालील मुलांना बंद होता. अमेरिकेत उलटे. अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. अल्पवयीनांना नग्न चित्रे विकण्यावरची बंदी मात्र १९६८ पासून वैध आहे. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी भिन्नमतपत्रात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले.

समाजशास्त्रज्ञ डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये आणखी एक दुवा दाखवला: माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असे माणसे धरून चालतात. बंदीची मागणी अशा कल्पित दुसऱ्यासाठी होते. लाज खरी असते, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण लाज वाटली म्हणजे अपाय झाला, असे ठरत नाही, आणि लाज वाटली नाही म्हणून हिंसा निरुपद्रवीही ठरत नाही. मंडळाने आणि न्यायालयांनी दृश्याचा हेतू पाहायला हवा. ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तेच केले. गावासमोर विवस्त्र करून विहिरीवर पाणी भरायला लावलेली फूलन पाहून वासना जागत नाही, छळणाऱ्यांची घृणा वाटते, असे सांगून न्यायालयाने प्रमाणपत्र कायम ठेवले.

मराठीत हा प्रश्न रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ने पुन्हा उभा केला. नवऱ्याचे घर सोडून मुंबईत आलेली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत चित्रकारांसमोर विवस्त्र बसते, एवढीच ही गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षकांनी तो निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणन मंडळाने एकही दृश्य न कापता ‘न्यूड’ला ‘ए’ प्रमाणपत्र दिले. गोव्यातला महोत्सव तोवर आटोपला होता.