उकड एक, हात अनेक

सारण आदल्या दिवशीच तयार आहे. एक मोदक वळायला चार मिनिटं धरली, तर 21 मोदकांना 84 मिनिटं. उकड काढणं आणि मोदक वाफवणं यांची 16. एकटीने केलं तर 100 मिनिटांचं काम. तिघी बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सात मोदक, म्हणजे 28 अधिक 16, एकूण 44 मिनिटं. एकवीस जणी बसल्या तर 20 मिनिटं. हात एकवीसपट, वेग मात्र पाचपटच! बाविसावी आली तर तिला वळायला मोदकच नाही. उकड निघेपर्यंत सगळ्यांनीच ताटकळायचं आणि वाफेला घाई चालत नाही.

एक काम अनेक प्रोसेसरना वाटून देणाऱ्या समांतर संगणनाचा पेच नेमका हाच. कामाचा वाटून न घेता येणारा भाग वेगाची कमाल मर्यादा ठरवतो, हे जीन ॲम्डाल यांनी 1967 मध्ये दाखवलं.

‘समांतर’ शब्द संगणकाने घेतला भूमितीकडून. सम अंतर राखणाऱ्या, कधीच न भेटणाऱ्या रेषा. पण हे सपाट कागदावर. विषुववृत्तावरून दोन रेखावृत्तं सरळ उत्तरेला निघतात. तिथे एका अंशाला सुमारे 111 किलोमीटरचं अंतर असतं. ध्रुवावर ते शून्य होतं. रेषा वळल्या नाहीत, पृष्ठभागच गोल आहे. अशा वक्र अवकाशांची भूमिती गणितज्ञ रीमान यांनी 1854 च्या व्याख्यानात मांडली.

भाषेतही समांतर रचना असते. ‘देश तसा वेश’ या म्हणीत क्रियापद नाही. दोन सारख्या वजनाचे शब्द दोन पारड्यांत आणि मध्ये ‘तसा’चा काटा. तो काढला, की उरतात नुसते दोन सुटे शब्द.

संगणकातही असा जोडणारा सांधा लागतोच. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारल्यावर पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी त्यात अनेक ट्रान्सप्युटर चिप एकत्र राबत. प्रत्येक चिपला शेजारणींशी बोलायला चार जोडण्या होत्या. आकडेमोड ज्याची त्याने करायची, पण मधली उत्तरं एकमेकांना कळवायची. ती येईपर्यंत थांबायचं.

म्हणूनच समांतर प्रोग्राम लिहायला बसणारा आधी एवढंच बघतो, की या कामात उकड किती आहे.