'ऑफ' म्हणजे सुटी नव्हे

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतला एक तरुण चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात चार वर्षांपासून कायम कामगार होता. सकाळी मी सायकल काढून ऑफिसला निघालो, तोच तो समोर आला. हातात गेटवर लागलेल्या नोटिशीची झेरॉक्स.

"भाऊ, का लिहिलं आहे जी यात?"

इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. कच्चा माल आला नसल्यामुळे अमुक विभागाचे कामगार उद्यापासून 'लेड ऑफ' राहतील, अशा अर्थाच्या. मला उशीर होत होता. मी वरवर नजर फिरवली आणि म्हणालो, "काही दिवस काम बंद आहे. ऑफच समज."

त्याने तसेच समजले. 'वीकली ऑफ' हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतो. ऑफ म्हणजे सुटी. रोवणीचे दिवस होते आणि सासुरवाडी आरमोरीकडची. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने गेला आणि अकरा दिवस बांधीत राबून परत आला. इकडे त्याचे सोबती रोज सकाळी गेटवर जात, हजेरीची सही करत आणि घरी परतत. पगाराच्या दिवशी त्यांच्या हाती त्या दिवसांचा निम्मा पगार पडला. याच्या हाती त्या दिवसांचे काहीच नाही.

वाचकहो, यात कारखान्याने कायदा मोडला असे म्हणता येत नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ स्पष्ट दिला होता. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराची नोकरी कायम राहते. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सलग सेवा झालेल्याला त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी भरपाई मिळे. अट अशी की, रोज निदान एकदा ठरलेल्या वेळी हजर राहायचे. हजेरी नाही तर भरपाई नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, तरी निम्म्या भरपाईची आणि हजेरीची गोष्ट तिच्यातही आहे.

मी बी.कॉम. झालेला, दिवसभर इंग्रजी कागद हाताळणारा कारकून. त्या दोन शब्दांतला एकच शब्द मी वाचला होता. मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांचे इंग्रजी इथेच अडते. अवघड शब्दांसाठी आपण डिक्शनरी उघडतो. 'ले', 'पुट', 'गेट', 'टर्न' हे शब्द सोपे, 'ऑफ', 'अप', 'आऊट' तर त्याहून सोपे, म्हणून तिथे कोणी थांबतच नाही. पण हे दोन शब्द जवळ आले की त्यांचा मिळून तिसराच शब्द होतो. 'ले' म्हणजे ठेवणे. 'ऑफ' म्हणजे इथे सुटी नव्हे, तर दूर, बाजूला. लेड ऑफ म्हणजे कामापासून बाजूला ठेवलेले. अमेरिकेत हाच शब्द आता बहुतेक वेळा नोकरीवरून कमी करण्यासाठी वापरतात. टी.व्ही.वर संगणक कंपन्यांतल्या 'लेऑफ'ची बातमी येते ती या अर्थाची असते.

अशा जोडशब्दांना इंग्रजी व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ च्या पुस्तकामुळे हे नाव रूढ झाले, पण दुखणे जुने आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले की परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास याच जोड्यांचा होतो. तेव्हा आपल्या पोरांनी लाजायचे कारण नाही.

शिवाय हा प्रकार आपल्या घरात रोज चालतो. 'बोलणे' हे एक क्रियापद घ्या. रागाच्या भरात 'बोलून बसला' म्हटले की पश्चात्ताप आला. 'बोलून गेला' म्हटले की न कळत तोंडातून निघाले. 'बोलून टाक' म्हणजे मनात ठेवू नकोस. 'बोलून दाखवले' यात टोमणा आला. बसणे, जाणे, टाकणे यांचा मूळ अर्थ इथे कुठे उरला? शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही. आपण मागे दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रज दिशा दाखवणारा छोटा शब्द जोडतो, इतकाच फरक.

तो छोटा शब्द कुठे बसतो हे मात्र शिकावे लागते. व्याकरणात तो कधी क्रियाविशेषण असतो, कधी शब्दयोगी अव्यय. नावे विसरलात तरी चालेल, एक उदाहरण पाठ करा. 'ही रॅन अप द हिल', तो टेकडी चढून धावत गेला. 'ही रॅन अप अ बिल', त्याने उधारी वाढवून ठेवली. वाक्ये सारखीच दिसतात. आता टेकडी आणि बिल काढून 'इट' घाला. टेकडीचे होते 'रॅन अप इट', उधारीचे होते 'रॅन इट अप'. टेकडीच्या वाक्यात 'अप' हा टेकडीचा सोबती आहे, तो तिला सोडत नाही. उधारीच्या वाक्यात तो क्रियापदाचा सोबती आहे, म्हणून 'इट'ला मधे जागा करून देतो. मोटर बंद करायची तर 'टर्न ऑफ द मोटर' चालते, 'टर्न द मोटर ऑफ'ही चालते, पण 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' असेच म्हणायचे. उलट 'लुक आफ्टर', सांभाळणे, यात मधे कोणी शिरत नाही. 'लुक आफ्टर हिम' एवढेच बरोबर. नोकरीच्या परीक्षांत हे विचारतात आणि आपली मुले एक-एक गुण गमावतात.

प्रत्येक जोडीत तर्क शोधू नये. 'इन' आणि 'आऊट' एकमेकांचे वैरी, पण फॉर्म 'फिल इन' केला काय नि 'फिल आऊट' केला काय, फॉर्म भरलाच जातो. माझ्या टेबलावर रोज फायलींवर 'पुट अप' असा शेरा येतो, म्हणजे सादर करा. त्याला 'विथ' जोडले की 'पुट अप विथ', म्हणजे मुकाट्याने सोसणे. दोन्ही कामे कारकुनाचीच! आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे किंवा मागे घेणे. मुलाखतीच्या पत्रात 'कॉल्ड' हा शब्द दिसला म्हणून बोलावणे आले असे समजू नये, पुढचा शब्द पाहावा.

आपल्या जिल्ह्यात तर या शब्दांचा खजिनाच पडला आहे. दुर्गापूरच्या वीज केंद्रात संच 'शटडाऊन'ला जातो, आणि ठेकेदाराकडच्या मजुराला तेव्हाच काम लागते. कोळसा खाणीत 'ब्रेकडाऊन', पेपर मिलच्या गेटवर 'लॉकआऊट'ची चर्चा, दवाखान्यात 'चेकअप'. आपण ते नाम म्हणून वापरतो. नाम असताना दोन शब्द एकत्र लिहितात आणि जोर पहिल्यावर येतो. क्रियापद होताच ते सुटे होतात आणि जोर बहुधा दुसऱ्यावर जातो. 'देअर इज अ ब्रेकडाऊन', पण 'द मशीन हॅज ब्रोकन डाऊन'. बाप खाणीत असेल त्या मुलाला हे सांगायला पुस्तक लागत नाही.

आमच्या पिढीने पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी दर रविवारी आमच्या विहारात येणाऱ्या मुलांची अडचण जवळजवळ तीच आहे. म्हणून आम्ही प्रत्येकाला घरातला एखादा इंग्रजी कागद आणायला सांगतो. बँकेचे पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही. दोन शब्दांची जोडी दिसली की एकाच रेघेत दोन्हींखाली खूण करायची.

आरमोरीला आईच्या कडेवर गेलेली ती मुलगी आता अकरावीत आहे. तीही येते. गेल्या महिन्यात तिने जुनी, घडीवर फाटलेली झेरॉक्स आणली. बापाने इतकी वर्षे जपून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हते. तिने 'लेड ऑफ'खाली सलग रेघ ओढली, अर्थ बरोबर सांगितला. मग म्हणाली, "काका, गेटवर सगळे मराठीच बोलत होते ना? मग ही नोटीस मराठीत का नाही लिहिली?"